दारावरच्या खडूच्या रेघा

आमची धाकटी लेक आठ वर्षांची असताना तिने शेजारच्या दोन मुलींना सायकल शिकवली. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सीट धरून पळायची, "पुढे बघ, चाकाकडे बघू नकोस" म्हणून ओरडायची. मी खिडकीतून जीव मुठीत धरून बघत असायचे. चार दिवसांत त्या दोघी सुसाट सुटल्या. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "आता तूही एक चक्कर मार की." तर म्हणाली, "मला कुठे येते?" खरोखरच येत नव्हती. मग त्या दोघींनी तिला शिकवली, आणि तेव्हा मात्र तिने गुडघे फोडून घेतले.

ती शिक्षिका होणार हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. मला वाटलं होतं, बँकेत लागेल.

चौदा वर्षं ती मोठ्या शहरातल्या एका नावाजलेल्या शाळेत होती. आधी गणिताची बाई, मग विभागप्रमुख, मग पर्यवेक्षिका. आम्ही प्रत्येक बढतीचं कौतुक केलं, पण दर बढतीनंतर तिचा फोनवरचा आवाज जरासा लहान होत गेला. "काय केलंस आज?" विचारलं की म्हणायची, "तक्ते भरले." पुन्हा आठवड्याने विचारलं तरी तेच. मग एका रविवारी म्हणाली, "आई, मी घरी येतेय."

"किती दिवस?"

"सामान घेऊन येतेय."

मी विचारलं, तब्येत बरी आहे ना? कोणाशी भांडलीस का? ती हसली आणि म्हणाली, "अगं, गेल्या वर्षभरात मी एकाही मुलाला एकही गणित शिकवलेलं नाही. शिकवणाऱ्यांनी किती शिकवलं, हे लिहिते फक्त." मी म्हटलं, "मग लिहावं की. पगार तर देतात ना?" यावर यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

ती आली तेव्हा शेजारपाजारच्यांनी आडून आडून चौकशी केलीच. नोकरी सोडली की सुटली, एवढंच सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं. समोरच्या शिवणवाल्या काकू तर ब्लाउजचं माप घेता घेता मला म्हणाल्या, "छत्तीस म्हणजे काही फार नाही हो." मला वाटलं मापाबद्दल बोलताहेत. त्या लेकीच्या वयाबद्दल बोलत होत्या. तिच्या लग्नाचा विषय आम्ही माय-लेकींनी मिळून केव्हाच बंद केला आहे, पण तो उघडायला लोकांना आमची परवानगी लागत नाही.

आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीला लागून अग्निशमन दलाची जुनी शेड आहे. बंब नव्या इमारतीत गेले आणि मागे उरली ती तीन उंच लाकडी दारं, तेलाचे डाग पडलेली फरशी आणि भिंतीवर शिरस्त्राणं टांगायच्या खुंट्यांची लांबलचक रांग. धाकटीने ती शेड बघितली आणि घरी येऊन म्हणाली, "आई, दप्तरं टांगायला इतक्या खुंट्या एकाही शाळेत नसतात." यावरूनच तिने ठरवलं म्हणे.

शाळा साडेतीनला सुटते. आईबाप कामावरून साडेसहा-सातला परततात. मधल्या तीन तासांत अकरा ते पंधरा वर्षांची मुलं कुठे असतात, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं. पुलाच्या कठड्यावर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, मोबाइलभोवती गोळा होऊन. त्या तीन तासांसाठी तिला शेड हवी होती. नगरपालिकेने ती तीन महिन्यांसाठी दिली. पुढे ठेवायची असेल, तर शाळेच्या मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र आणायचं होतं. नाही मिळालं तर तिथे कचऱ्याच्या गाड्या उभ्या राहणार होत्या. तसं कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि तो कागद मी इतक्या वेळा वाचला की हे म्हणाले, "पाठ झाला असेल तर आता फ्रीजवर लाव."

पहिल्या दिवशी सात मुलं आली. त्यातली चार, आत गेलेला चेंडू घ्यायला आली होती. तीही थांबली. महिन्याभरात चौतीस झाली.

शेडच्या किल्ल्या निवृत्त झालेल्या एका अग्निशामकाकडे होत्या. मुलं त्यांना बंबवाले काका म्हणतात. त्यांचं काम दार उघडून देण्यापुरतं होतं, पण दार उघडून घरी जायचं त्यांच्याच्याने झालं नाही. ते स्टूल टाकून बसायला लागले. कोणी पळालं की ओरडायचे, "आग लागलीय का?"

चौतीस मुलं, वेगवेगळ्या इयत्ता, आणि शिकवणारी एकटी. यावर धाकटीने जो मार्ग काढला तो असा. मधलं दार तिने काळ्या रंगाने रंगवून घेतलं. कोणाला एखादं गणित अडलं की ती ते एकालाच समजावते. ज्याला समजलं त्याने खडूने दारावर आपलं नाव लिहायचं आणि आणखी दोघांना समजवायचं. त्यांना समजलं की त्यांची नावं खाली, आणि वरच्या नावापासून त्यांच्यापर्यंत रेघ. मग त्यांनी पुढच्या दोघांना. संध्याकाळपर्यंत दारावर फांद्या फुटलेल्या असतात. दार फक्त शनिवारी पुसायचं. आणि दारावर मोठ्या माणसाचं नाव लिहायचं नाही, मुलांच्या ताईचं, म्हणजे तिचंसुद्धा नाही. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "माझं नाव वर आलं की मग सगळे माझ्याकडेच येतील."

मोठ्या सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, ही पद्धत पसंत नव्हती. ते स्वतः सातवीला गणित शिकवतात. माणूस सरळ, पण त्यांच्या वर्गात पेन्सिल पडली तरी ती उचलावी की नाही याचा मुलं विचार करतात. ते एकदा शेडच्या दारात उभे राहून पाच मिनिटं बघून गेले. जाताना म्हणाले, "याला आमच्या वेळी कॉपी म्हणत." धाकटी म्हणाली, "सर, कॉपीत आवाज होत नाही." ते हसले नाहीत.

मी रोज चारला शेडवर जायचे. निमित्त डब्याचं. खरं तर मला घरात चैन पडत नसे. तिथे मुलं मला आजी म्हणायला लागली, आणि माझे केस रंगवायचे पैसे फुकट गेले.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, धाकटीला नगरपालिकेत बोलावणं आलं. जाताना म्हणाली, "आई, तासाभरात येते. तू फक्त बस. कोणी पडलं, कोणाचं भांडण झालं तर बघ. शिकवायला जाऊ नकोस."

"मी कशाला शिकवतेय?"

मी वीस मिनिटं गप्प बसले. मग सातवीतली एक मुलगी वही घेऊन आली. ती प्रत्येक गोष्टीवर वाद घालते म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणतात. गणित असं होतं: टाकीत पाचशे लिटर पाणी आहे. ते वीस टक्क्यांनी वाढलं, मग वीस टक्क्यांनी कमी झालं. आता किती?

"ताई येऊ दे," मी म्हटलं.

"आजी, तुम्ही कॉलेजात गेलेल्या ना?"

आता कॉलेजात गेलेल्या बाईने यावर काय म्हणायचं? मी चष्मा लावला, गणित वाचलं आणि मला ते इतकं सोपं वाटलं की हसूच आलं. "अगं, जेवढं आलं तेवढंच गेलं. टाकी जागच्या जागी. पाचशे." वकीलबाई एरवी वाद घातल्याशिवाय पाणीही पीत नाही, पण माझ्या वयाचा मान ठेवून तिने मान डोलावली. दारावर नाव लिहिलं आणि दोघींना समजवायला गेली. धाकटी परत आली तेव्हा दारावर अकरा नावं होती, आणि सगळी कामात गढलेली बघून ती खूश झाली. मीही खूश होते. घरी जाताना तिला सांगावंसं वाटत होतं, पण म्हटलं, उगीच मोठेपणा कशाला?

शुक्रवारी शिफारसपत्राचा शेवटचा दिवस होता. चार वाजता मोठे सर आले. एका हातात नगरपालिकेचा अर्ज, दुसऱ्या हातावर वह्यांची चळत. मी मागच्या नळावर फडकी धूत होते. मुलं उठून उभी राहिली. बंबवाले काकाही उभे राहिले.

सरांनी वह्या टेबलावर ठेवल्या. "अकरा वह्या," ते म्हणाले. "अकरा जणांचं एकच उत्तर, आणि ते चूक. चुकण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वाक्यसुद्धा एकच." त्यांनी वरची वही उघडून वाचलं, "'जेवढं आलं तेवढंच गेलं. टाकी जागच्या जागी.'" दुसरी उघडली. "'जेवढं आलं तेवढंच गेलं. टाकी जागच्या जागी.'" तिसरी उघडायची त्यांना गरज वाटली नाही. "बाई, याला तुम्ही शिकणं म्हणत असाल तर माझी सही मिळणार नाही."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. धाकटीने एकदाच माझ्याकडे बघितलं. 'जागच्या जागी' हे गावात कोण म्हणतं, तिला विचारायची गरज नव्हती. लहानपणी ती पडली की मी हेच म्हणायचे, सगळी हाडं जागच्या जागी. पण ती माझ्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "सर, ही कॉपी नाही. चूक आहे. कुठून आली ते दारावर सापडेल."

बुधवारच्या रेघा तशाच होत्या. सरांनी एकेकाला उभं करून विचारायला सुरुवात केली. "तुला कोणी सांगितलं?" मूल दाराकडे बोट दाखवी आणि आपल्या वरचं नाव सांगे. मग तो वरचा उभा राही. कोणी डोळे चुकवत नव्हतं, कोणी रडतही नव्हतं. अकरावरून पाच, पाचावरून दोन, आणि दोघींनीही एकच नाव घेतलं.

वकीलबाई उभी राहिली.

"तुला कोणी सांगितलं?"

दारावर तिच्या वर कोणाचं नाव नव्हतं. नियमच तसा. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, "मला आपोआप सुचलं, सर."

"आपोआप?"

"हो. मीच केलं. बाकीच्यांची चूक नाही."

बारा वर्षांची पोर! मला तिथल्या तिथे वाटलं, फरशी दुभंगावी. गप्प बसले तर त्या पोरीवर बालंट, आणि बोलले तर माझ्या लेकीच्या वर्गात कोणीही उठून काहीही शिकवतं, हे सरांच्या तोंडावर सिद्ध. त्यांच्या हातातला अर्ज मला इतक्या दुरून दिसत होता. कचऱ्याच्या गाड्याही दिसत होत्या. पण पोर तशीच उभी होती, आणि मी ओल्या हातांनी पुढे झाले.

"सर, मी सांगितलं तिला. ताईने मला शिकवू नकोस म्हणून बजावलं होतं."

सरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमचं शिक्षण?"

"बी.ए."

"विषय?"

"इतिहास."

बंबवाले काकांना ठसका लागला. मुलांनी आधी हसू दाबलं, मग नाही दाबलं. सर म्हणाले, "तरीच," आणि खडू उचलून दाराकडे वळले. पण धाकटी मध्ये आली. "सर, एक विनंती. तुम्ही फक्त आईला समजवा. मुलांना ती समजवेल, चूक गेली त्याच वाटेने."

"तुमच्या आईंना समजलं तर ना?"

"तेही बघू," धाकटी म्हणाली. माझी लेक!

सर मला समजवायला लागले. वीस टक्के म्हणजे किती, शंभर. म्हणून सहाशे. आता सहाशेचे वीस टक्के. मी मान हलवत होते, पण मला आपलं वाटत होतं की वीस म्हणजे वीस. सरांचा आवाज चढला. तेवढ्यात वकीलबाईच म्हणाली, "आजी, दुसरे वीस टक्के कशाचे?"

"पाण्याचे."

"कुठल्या पाण्याचे? आधीच्या की वाढलेल्या?"

आणि एकदम दिसलं. वाढलेल्याचे! टाकी आधीच मोठी झालेली, म्हणून तिच्यातून जाणारा वाटाही मोठा. एकशे वीस गेले. चारशे ऐंशी उरले. मी इतक्या मोठ्याने "अगं बाई!" म्हटलं की सरांचा खडू तुटला.

मग मी ते वकीलबाईला पुन्हा समजवलं. तिला खरं तर माझ्याआधी समजलं होतं, पण तिने चार शंका काढूनच मला सोडलं. तिने दोघींना सांगितलं. त्या पुढे गेल्या. काकांनी कोपऱ्यातल्या दोन बादल्या काढून दिल्या, तर मुलांनी त्या भरून ओतून फरशी भिजवली आणि कोणीही "आग लागलीय का" म्हटलं नाही. सर घड्याळ बघत स्टुलावर बसले होते. मधूनमधून एखाद्या घोळक्यामागे जाऊन कान देत होते. एका मुलाला चुकीचं सांगताना त्यांनी पकडलं आणि तोंड उघडलं, पण त्याआधीच समोरच्या मुलाने त्याला पकडलं होतं. सर पुन्हा बसले.

पस्तीस मिनिटांनी बातमी शेवटच्या मुलीपर्यंत पोहोचली. ही पोरगी सहावीतली, सगळ्यांत लहान, तिला हे गणित अभ्यासाला नव्हतंच. ती ऐकून घेऊन बराच वेळ वहीत काहीतरी करत बसली आणि मग थेट सरांकडे गेली. बाकी कोणाची हिंमत झाली नसती. तिला अजून सरांचा वर्ग नव्हता, एवढंच त्याचं कारण.

"सर, आधी कमी केलं आणि मग वाढवलं तरी चारशे ऐंशीच येतं."

"नाही येणार," सर म्हणाले. "मग पहिले वीस टक्के पाचशेचे, आणि नंतरचे…" ते थांबले. तिच्या वहीत बघितलं. पाचशेतून शंभर गेले, चारशे. चारशेचे वीस टक्के ऐंशी. त्यांनी खिशातून पेन काढून तिच्याच वहीत एकदा करून बघितलं. मग हजार लिटर धरून करून बघितलं. मग दहा टक्क्यांनी.

"हे तुला कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मुलगी गोंधळली. तिने दाराकडे बघितलं, मग मैत्रिणीकडे. "हे कोणीच नाही सांगितलं. ते तर तिने सांगितलं. हे मी उलटं करून बघितलं."

सरांनी तो तुटका खडू उचलला, दाराजवळ गेले, आणि अकरा नावांच्या खाली, सगळ्यांत शेवटी, तिचं नाव लिहिलं. तिच्या नावाखाली एक रेघ काढली आणि रेघेच्या टोकाशी स्वतःचं नाव लिहायला हात उचलला. धाकटी हळूच म्हणाली, "सर, मोठ्यांचं नाव लिहायचं नाही इथे." त्यांनी हात खाली घेतला. रेघ तशीच राहिली.

मग ते टेबलाशी बसले आणि अर्ज भरला. सही करून वर बघत म्हणाले, "एक वर्षाची शिफारस देतोय. शेरा काय लिहू ते उद्या विचार करून कळवतो असं म्हणायचं होतं, पण मुदत आजच संपतेय." शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'कॉपी होत नाही. खात्री केली.' मग माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही."

"मी आता फक्त फडकी धुणार, सर."

"आमच्या शाळेत इतिहासाला बाई नाहीत. सातवीची मुलं सनावळ्या पाठ करून मोकळी होतात. मंगळवारी इथे काही सांगता आलं तर बघा. आधी ताईंना विचारून."

धाकटीने कचेरी बंद व्हायला पाच मिनिटं असताना तो अर्ज नगरपालिकेत नेऊन दिला. कारकुनाने शिक्का मारून पोच हातात ठेवली. घरी आल्यावर तिने ती मला दिली आणि म्हणाली, "घे, ही पाठ कर." ती रागावेल म्हणून मी संध्याकाळभर वाट बघितली. ती रागावली नाही. ताटावर बसल्यावर फक्त म्हणाली, "आई, तू बोलली नसतीस तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. वकीलबाईला तोंडघशी पाडावं लागलं असतं, नाहीतर तुला."

"कोणाला पाडलं असतंस?"

"तुला," ती म्हणाली आणि भात वाढून घेतला.

यांना मी म्हटलं, "एकच वर्ष मिळालं हो. पुढच्या वर्षी मोठे सर निवृत्त होतात. नवीन कोण येईल, कसा असेल…" हे म्हणाले, "अगं, सकाळी तुझ्याकडे एक दिवस होता." धाकटी हसत होती. त्या चौदा वर्षांत फोनवर ऐकलं नव्हतं तसं, मोठ्या आवाजात. तिला आता डावीकडचं दारही काळं करून घ्यायचंय, सहावीच्या मुलांसाठी. रंगाचा वास मुलांना बाधेल का, एवढी एक काळजी माझ्याकडे शिल्लक आहे. तिने सांगितलंय की रविवारी रंगवून दारं दिवसभर उघडी ठेवू, आणि मंगळवारसाठी माझ्याकडून सातवीचा पहिला धडा आधी एकदा ऐकून घेणार आहे.